घरचे हातपाय हलवत नाहीत, आणि लाज आपल्याला वाटते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात एकच माणूस धावतंय आणि बाकीचे बसून आहेत, अशा घरांतल्या तरुण मुलामुलींशी समुपदेशक म्हणून माझं सतत बोलणं होतं. कुणी पुण्या-मुंबईत नोकरी करून गावी पैसे पाठवतं, कुणी घरीच राहून सगळ्यांचं ओढतं. विचारलं जातं ते बहुतेक सारखंच, म्हणून ते इथे एकत्र केलं आहे. उदाहरणांतली माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत.

आईवडिलांचा असा राग येणं म्हणजे कृतघ्नपणा नाही का?

नाही. ज्यांनी वाढवलं त्यांच्याबद्दलची माया आणि त्यांच्या वागण्याची चीड एकाच मनात असू शकते, आणि बहुतेक घरांत असतेच. राग आहे हे मान्य केलं नाही तर तो भलतीकडे निघतो. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं जातं, धाकटीच्या अंगावर उगाच ओरडलं जातं.

राग नेमका कशाचा, ते एका वाक्यात लिहून पाहा. ‘सगळे ऐतखाऊ आहेत’ या वाक्याचं पुढे काहीच करता येत नाही. ‘दुकानाचं भाडं थकलंय हे बाबांनी मला सांगितलं नाही, घरमालकाचा फोन आल्यावर कळलं’ यावर बाबांशी बोलता येतं.

ते आळशी आहेत की यामागे दुसरं काही आहे, हे कसं कळणार?

सगळ्यात जास्त वेळ या प्रश्नाला द्यावा असं मला वाटतं, कारण ‘आळशी’ म्हणून आपण मोकळे होतो आणि पुढचं तपासायचं राहून जातं.

पहिली खूण: जे त्यांना पूर्वी आवडायचं ते आजही आवडतं का? कामाचं नाव काढलं की अंग चोरणारा, पण मित्राच्या हळदीला आणि गणपतीच्या मिरवणुकीला सगळ्यांत पुढे असणारा भाऊ वेगळा. ज्यांनी भजनाला जाणं सोडलं, दाढी करणं सोडलं, नातवाला उचलून घेणंही सोडलं, ते वडील वेगळे. अशा वडिलांना आधी डॉक्टर दाखवायला हवा. उपदेश नंतर, आणि बहुतेकदा त्याची गरजही उरत नाही.

शरीराची कारणं अगदी साधी असू शकतात. थायरॉइड कमी असणं, अंगात रक्त कमी असणं, बी-१२ कमी असणं, साखर वाढलेली असणं, रात्री घोरताना श्वास अडकून झोप मोडणं; यांतल्या कशानेही माणूस दिवसभर गळून बसतो. बायकांच्या बाबतीत तर रक्त कमी असणं इतकं सर्रास आढळतं की, ‘आई हल्ली काहीच करत नाही’ असं कुणी म्हणालं की मी आधी हिमोग्लोबिन विचारते. साठीनंतर आलेली उदासीनता कधी कधी स्मृतिभ्रंशाची किंवा पार्किन्सन्सची सुरुवात असते. अठरा ते पंचविशीतला मुलगा खोलीतून बाहेर येईनासा झाला, अंघोळ टाळू लागला, स्वतःशी पुटपुटू लागला, लोक आपल्या वाईटावर आहेत म्हणू लागला, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जायला उशीर करू नका.

मग येते परिस्थिती. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि त्यांतले कितीतरी पुन्हा कधीच गिरणीत गेले नाहीत. लालबाग-परळच्या चाळींत बायकांनी जेवणाचे डबे करून, पोळ्या लाटून संसार ओढले, आणि एके काळी साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, तीन पाळ्यांत काम केलेला माणूस गॅलरीत बसून राहिला. त्याला आळशी म्हणणं मला जमत नाही. सोयाबीन सलग पावसात गेलेला शेतकरी आणि कंपनी बंद पडल्यावर पंचेचाळिशीत घरी बसलेला एमआयडीसीतला कामगार, हेही त्याच वाटेवरचे.

मानसशास्त्रात यावर जुनं काम आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी दाखवलं की, काहीही केलं तरी त्रास थांबत नाही असा अनुभव घेतलेले कुत्रे पुढे सुटकेची वाट समोर असतानाही जागचे हलत नाहीत. २०१६ मध्ये याच दोघांनी आपली मांडणी उलटी केली. लांबलेल्या त्रासात गप्प बसणं ही मेंदूची मूळ प्रतिक्रिया आहे आणि ‘आपल्या हातात काही आहे’ हे शिकावं लागतं, असं ते म्हणाले. घरातल्या माणसासाठी मला यातून एवढं दिसतं की, त्याला एकदम ‘काहीतरी धंदा कर’ म्हणण्याऐवजी त्याच्या हातून तडीस जाईल असं छोटं काम त्याच्या वाट्याला आलं पाहिजे. रेशनची केवायसी करून आणणं, विहिरीवरची मोटार दुरुस्त करून घेणं, असं काहीही. ते झालं की ‘बरं झालं, काम मार्गी लागलं’ एवढंच म्हणायचं. ‘बघा, जमतं की तुम्हाला!’ म्हणू नका, ते टोचतं.

आणि हो, काही माणसं आजारी नसतात, मोडलेलीही नसतात. कुणीतरी करतंय म्हणून ती करत नाहीत. त्यांच्याबद्दल पुढे पैशांच्या प्रश्नात लिहिलं आहे.

वडील डॉक्टरकडे यायला तयार नाहीत. ‘मी काय वेडा आहे का?’ म्हणतात.

मानसोपचारापासून सुरुवात करू नका. नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे ‘थकवा फार आहे, एकदा रक्त तपासून घेऊ’ म्हणून न्या. हे खोटं नाही, ती तपासणी करायचीच असते. तुमची काळजी डॉक्टरांना आधी फोनवर सांगून ठेवा.

बहुतेक दिवस, दिवसातला बराच वेळ, दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास आहे किंवा कशातच रस नाही, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली आहे, तर नैराश्याची शंका घ्यावी. पुरुषांत ते रडण्यापेक्षा चिडचिड, पिणं, पाठ-डोकं दुखणं या रूपात जास्त दिसतं. औषधं सुरू झाली तर फरक जाणवायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात. आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून बंद करणारी माणसं खूप आहेत, तेवढं सांभाळा. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतही बाह्यरुग्ण विभागात तपासून घेता येतं, दाखल व्हावंच लागतं असं नाही.

मरणाची भाषा ऐकलीत तर ‘असं बोलू नये’ म्हणून विषय संपवू नका. ‘जीव द्यावा असं मनात येतं का?’ हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. उत्तर ‘हो’ असेल तर त्यांना एकटं सोडू नका, कीटकनाशकं आणि गोळ्या हाताशी ठेवू नका आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भाऊ कितीतरी वर्षं एमपीएससी करतोय. त्याला थांब म्हणायचा मला अधिकार आहे का?

त्याने परीक्षा द्यायची की नाही, हे तुम्ही ठरवू शकत नाही. तुम्ही त्याचा खर्च किती दिवस करणार, हे मात्र नक्की ठरवू शकता. या दोन गोष्टींची गल्लत झाली की घरात भांडण पेटतं.

या परीक्षेचं गणित असं आहे की ती संपत नाही. बहुतेक पदांना खुल्या गटासाठी वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. म्हणजे ‘अजून अटेम्प्ट आहेत’ हे वाक्य चाळिशीपर्यंत म्हणता येतं. जाहिरात लांबते, निकाल रखडतो, प्रकरण कोर्टात जातं, आणि यांतला कुठलाच दोष त्याचा नसतो. त्यामुळे सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेला प्रत्येक मुलगा वेळ काढतोय, असं मी कधीच म्हणणार नाही. पण पूर्व परीक्षाही निघत नाही, मॉक टेस्टचे मार्क विचारले की विषय बदलतो, नवं पुस्तक येतं आणि जुनं वाचून होत नाही, हे चित्र असेल तर तो बहुधा अभ्यासात नसतो, लाजेत अडकलेला असतो. गावात सगळ्यांना ‘साहेब होणार’ म्हणून सांगून झालंय, आता परत कसं जायचं, हा त्याचा प्रश्न आहे. त्याला टोमणे मारले तर तो आणखी खोल जातो.

बोलायची वेळ निवडा. निकालाच्या दिवशी नको, दिवाळीत पाहुण्यांसमोर तर अजिबात नको. दोघंच असताना सांगा: ‘मार्चपर्यंत खोलीभाडं आणि मेसचं मी बघते. एप्रिलपासून भाडं तुझं. परीक्षा दे की नको, ते तू ठरव. पार्ट टाइम काम शोधायला मदत हवी असेल तर मी आहे.’ तारीख आधी सांगितलेली असली की ती शिक्षा वाटत नाही. मग एप्रिल आला की ती पाळा. न पाळलेली तारीख न दिलेल्या तारखेपेक्षा वाईट.

मी इतकं समजावते, व्हिडिओ पाठवते, जाहिराती पाठवते. फरक का पडत नाही?

कारण बदलाची बाजू तुम्ही मांडता, आणि न बदलण्याची बाजू मांडायची उरते ती त्यांच्याकडे. दारूच्या व्यसनावर काम करणाऱ्या विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये नेमकं हेच ओळखून बोलण्याची वेगळी पद्धत मांडली. समोरच्याला त्याची स्वतःची कारणं बोलू द्यायची, असं तिचं सूत्र.

रोजचं बोलणं असं होतं:

‘त्या कंपनीत जागा निघाल्यात, अर्ज केलास?’
‘तिथे ओळख लागते.’
‘तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते!’
‘मग तूच कर.’

असंही होऊ शकतं:

‘सध्या दिवस कसे जातायत तुझे?’
‘कसले जातायत. बोअर होतं.’
‘कशाचा कंटाळा जास्त येतो?’
‘घरात बसून. सगळे बघतात ना येता-जाता.’

इथे थांबा. चहा प्या. लगेच जाहिरात पुढे करू नका. ‘घरात बसून’ हे तो स्वतःच्या तोंडाने बोलला, ते तुमच्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त आहे.

सततच्या टीकेचा परिणामही माहीत असावा. जॉर्ज ब्राउन आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये १९७२ मध्ये दाखवलं की, स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराचे रुग्ण बरे होऊन घरी गेल्यावर ज्या घरांत टीका, राग किंवा अति काळजी जास्त होती, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त होतं. तो अभ्यास रुग्णांचा होता, तुमच्या घराला तो जसाच्या तसा लागू नाही. तरी अति काळजी टीकेच्या पंगतीत बसलेली पाहून मी थबकले होते. आपण ज्याला माया म्हणतो तिचंही ओझं होतं.

पैसे पाठवणं बंद करू का?

एकदम बंद करू नका, आणि आहे तसंही चालू ठेवू नका. खर्च वेगवेगळे करून पाहा. आईची औषधं, किराणा, वीजबिल, धाकट्या बहिणीची फी हे गरजेचं. धडधाकट भावाच्या बाईकचा हप्ता, मोबाइलचा रिचार्ज, टपरीवरची उधारी हे तुमचं नाही. गरजेचं शक्यतो थेट भरा: औषधाच्या दुकानात, शाळेच्या खात्यात, वीजबिलाच्या अ‍ॅपवर. उरलेल्यासाठी ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम. महिन्याच्या अधेमधे आलेल्या ‘जरा दोन हजार टाक’ला ‘पुढच्या एक तारखेला बघू’ हे उत्तर पुरतं. पहिले दोन-तीन महिने घरात अबोला, रडणं, ‘शहरात जाऊन बदललीस’ हे सगळं होईल. त्याची तयारी ठेवा.

कायद्याचं थोडक्यात: स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या आईवडिलांची जबाबदारी सज्ञान मुलगा आणि मुलगी दोघांवरही येते, त्यासाठी २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदाही आहे. सज्ञान, सुदृढ भावाला पोसण्याचं बंधन तुमच्यावर नाही.

आणि जामीन राहू नका. हे मी कळकळीने सांगते, कारण बरबाद झालेली बरीच घरं इथेच अडकलेली दिसतात. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले की बँक थेट तुमच्याकडे येते, तुमचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीची पत) पडतो आणि पुढे तुमच्या घराचं कर्ज अडतं. भावाला धंद्यासाठी खरंच मदत करायची असेल तर परत आली नाही तरी चालेल एवढीच रक्कम हातात द्या.

आई सगळं पाठीशी घालते. मला तिचाच जास्त राग येतो.

किराण्यातून वाचवून ती त्याच्या हातावर पाचशे ठेवते, तुम्हाला कळू देत नाही, आणि कळल्यावर ‘जाऊ दे गं, लहान आहे’ म्हणते. लहान म्हणजे एकतीस वर्षांचा. राग येणारच. पण तिला एकदा विचारा: ‘तू नाही दिलेस तर काय होईल अशी तुला भीती वाटते?’ बऱ्याच आयांचं उत्तर एकच असतं, ‘त्याने जिवाचं काही केलं तर?’ पेपरात वाचलेलं, शेजारच्या गल्लीत घडलेलं तिच्या डोक्यात असतं. ही भीती बोलून दाखवली गेली की तुम्ही दोघी त्याच्या खऱ्या तब्येतीबद्दल बोलू शकता. तोवर तिच्या पाचशेचा हिशेब मागू नका.

मित्रमैत्रिणींना घरी आणायची लाज वाटते.

हिंजवडीत काम करणारी एक मुलगी मला घर दाखवावं तसं सांगत होती. दिवाळीला ती पहाटेच्या बसने पोहोचते. साडेअकराला बाबा बनियनवर खाटेवर, टीव्ही चालू आणि बघत कुणीच नाही. मोरीतला नळ चिंधी बांधून ठेवलेला, तो आदल्या दिवाळीलाही तसाच होता. कपाटावर गणपतीची थर्माकोलची मखर, तिच्यावर धूळ. भाऊ अंगावर चादर घेऊन फोनवर. तिने बॅग ठेवली आणि आधी झाडू घेतला. ‘कुणी मला हे करायला सांगितलं नव्हतं,’ ती म्हणाली, ‘पण मैत्रीण संध्याकाळी फराळाला येणार होती.’

तिला लाज वाटत होती ती दुसऱ्यांनी न केलेल्या कामांची. आपण केलेल्या चुकीची लाज काहीतरी दुरुस्त करायला लावते. दुसऱ्याच्या वागण्याची लाज फक्त लपवायला लावते, आणि लपवण्यात इतकी शक्ती जाते की सणाची सुट्टी संपल्यावर माणूस आजारी पडल्यासारखा परततो. ती कमी करण्याचा मला ठाऊक असलेला खात्रीचा उपाय म्हणजे विश्वासातल्या एका माणसाला खरं सांगणं. सविस्तर नको. ‘घरी ओढाताण आहे, बाबा बरीच वर्षं घरीच असतात, घर आवरलेलं नसतं, तू आलीस तर चालेल ना?’ इतकंच. त्या मुलीची मैत्रीण आली, खाटेच्या कडेला बसून तिने चकल्या खाल्ल्या आणि बाबांशी नळाच्या वॉशरबद्दल बोलली. तिच्याही काकांकडे असंच होतं.

नातेवाईक तुलना करतात. काय उत्तर देऊ?

‘बघतोय आम्ही.’ एवढंच, आणि विषय बदला. भावाची बाजू मांडू नका, त्याच्यावर टीकाही करू नका. आत्याच्या पुढ्यात केलेली टीका रात्रीपर्यंत त्याच्या कानावर जाते आणि तुमचं वर्षभराचं काम धुऊन निघतं.

लग्नाचं बोलणं चाललंय. स्थळाला घरच्यांबद्दल किती सांगावं?

ज्या गोष्टींचा लग्नानंतर पैशांवर किंवा राहण्यावर परिणाम होईल, त्या सगळ्या सांगाव्यात: तुम्ही दरमहा घरी किती देता, पुढेही देणार का, आईवडील पुढे तुमच्याकडे येणार का, डोक्यावर कर्ज आहे का. हे मुलाला किंवा मुलीला स्वतः भेटून सांगा, मध्यस्थामार्फत नको. बाबा दिवसभर काय करतात याचं वर्णन करण्याची गरज नाही. मुलींना मी आणखी एक सांगते: माहेरी पैसे देणं हे लग्नानंतर आपोआप थांबतं असं गृहीत धरलं जातं, म्हणून ते साखरपुड्याच्या आधी बोला.

वडील पितात, म्हणून काम सुटलं. हेच सगळं लागू होतं का?

काही लागू होतं, पण व्यसन हा आजार आहे आणि त्याला स्वतंत्र उपचार लागतात. पुण्यातलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून हे काम करतं, तिथे कुटुंबीयांशीही बोललं जातं. पिणारा यायला तयार नसला तरी तुम्ही एकटे अल-अ‍ॅनॉनच्या बैठकीला जाऊ शकता. या बैठका पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठीच असतात आणि त्यांना फी नसते. रोज पिणाऱ्याची दारू घरी अचानक तोडू नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा.

मीही पुढे त्यांच्यासारखाच होईन का?

नैराश्य, व्यसन यांचा धोका घराण्यात थोडा वाढलेला असतो हे खरं. पण ही भीती घेऊन येणारी बहुतेक मुलं उलट्या टोकाला गेलेली असतात: रविवारी झोपलं तरी अपराधी वाटतं, ताप असताना लॅपटॉप उघडतात. तुमच्या बाबतीत मला काळजी त्याची जास्त वाटते. आठवड्यातला एक दिवस काहीही न करता घालवा.

मलाच आता सहन होत नाही. कुणाशी बोलू?

टेलि-मानस, क्रमांक १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. ठाण्यातली आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करते, तिथेही समुपदेशन मिळतं. तुम्ही ‘आजारी’ असायला हवं असं काही नाही. घरच्यांचं ओढून दमलो, हे कारण पुरेसं आहे.

भाऊ आता खरंच कामाला लागला. सगळे खूश आहेत. मला आनंद का होत नाही?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि विचारताना त्यांना सगळ्यांत जास्त लाज वाटते. इतकी वर्षं त्याच्या वाट्याचं तुम्ही ओढलंत. तुमचं एम.टेक. राहिलं, सहली राहिल्या, कदाचित एखादं माणूस निसटलं. आता तो पहिल्या पगाराचे पेढे घेऊन येतो, आई देवापुढे साखर ठेवते, आणि तुमच्या वर्षांचा उल्लेखही होत नाही. वाईट वाटणं साहजिक आहे.

त्या दिवशी त्याचं अभिनंदन करा. तुमचा हिशेब त्या दिवशी काढू नका, पण तो कायमचा गिळूही नका. महिना-दोन महिन्यांनी, त्याचा पगार नियमित झाल्यावर, दोघांनी बसून घरखर्च वाटून घ्या. वीजबिल आणि आईची औषधं त्याच्याकडे द्या आणि तो भरतो की नाही ते बघू नका. मग तुमच्या हातात जे उरेल, त्यातला पहिला खर्च घरासाठी करू नका. एम.टेक.चा फॉर्म अजून भरावासा वाटतोय का, ते बघा.